गोदामात पोटमाळा घेताना: आधी वजन आणि फरशी, मग दर

भिवंडी, तळोजा, चाकण किंवा वाघोलीकडे गोदाम भाड्याने घेतलं की भाडं चौरस फुटावर द्यायचं असतं. डोक्यावरची रिकामी उंची त्यात फुकट येते, आणि साहजिकच तिथे मेझनाइन म्हणजे लोखंडी पोटमाळा टाकायचा विचार येतो. फॅब्रिकेटर येऊन टेप लावतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि बोलणी दरावरच सुरू होतात. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. पोटमाळ्याचा खर्च आणि सुरक्षितता ठरते ती प्रत्येक खांबाखाली किती टन उतरणार यावर. तो आकडा हातात येईपर्यंत कोणताही दर महाग की स्वस्त हे कळायला मार्ग नाही.

पोटमाळा हवा की रॅक?

माल पॅलेटवर म्हणजे माल रचायच्या पाटावर येतो, पॅलेटवरच जातो आणि मधे कोणी हात लावत नाही, असं असेल तर पोटमाळा घेऊ नका. साधे पॅलेट रॅक आणि रीच ट्रक (उंच रॅकवर पॅलेट ठेवणारी फोर्कलिफ्ट) यात तेवढीच उंची कमी खर्चात वापरता येते. माणसांना वर चालावं लागतं अशा कामांसाठी पोटमाळा आहे: सुटे नग निवडणं, पॅकिंग, लेबल लावणं, परत आलेला माल तपासणं, औषधं, कपडे, सुटे भाग, स्टेशनरी. तेलाचे डबे, टाइल्स, रंगाचे ड्रम यांची जागा खालीच.

हवाच असेल तर प्रकार दोन. पहिला स्वतंत्र खांबांवर उभा राहणारा स्ट्रक्चरल पोटमाळा. खांब चार-पाच मीटर अंतरावर येतात आणि खालची जागा मोकळी राहते, पुढे खालची मांडणी बदलता येते. दुसरा मल्टी-टायर, ज्यात खालच्या रॅकचे पायच वरचा मजला पेलतात. लहान, हलका आणि असंख्य प्रकारचा माल असेल तर दुसरा चांगला, कारण रॅकचे पाय पुष्कळ असल्याने एकेका पायावर वजन कमी येतं. तोटा असा की खालचा रॅक हलवायचा म्हटलं की वरचा मजलाही हलवावा लागतो. मालाचा प्रकार दोन-तीन वर्षांत बदलणार असेल तर पहिलाच घ्या.

उंचीचा हिशेब

टेप पत्र्यापर्यंत लावू नका. सर्वात खाली जे काही येतं तिथपर्यंत लावा: ट्रसचा खालचा भाग, पीईबी म्हणजे कारखान्यात तयार करून आणलेल्या लोखंडी शेडच्या फ्रेमचा कोपऱ्यातला जाड भाग, स्प्रिंकलरचा पाइप, लोंबणारे दिवे, पंखा. गोदामाच्या मधोमध मिळालेली उंची बाजूच्या भिंतीशी मिळत नाही, म्हणून किमान पाच-सहा ठिकाणी लेझरने मोजा.

खाली माणसांना वावरायला 2.7 मीटर मोकळे, वर 2.4 मीटर, मधे लोखंड. लोखंडाची जाडी बहुतेक लोक विसरतात. समजा मुख्य तुळई 300 मिमीची आणि दुय्यम 200 मिमीची आहे. दुय्यम तुळया मुख्य तुळईच्या पोटात बोल्टने जोडल्या तर एकूण जाडी सुमारे 310 मिमी भरते. त्या वर ठेवल्या तर 500 मिमीच्या पुढे जाते. वर ठेवायला फॅब्रिकेटरला सोपं पडतं, म्हणून ड्रॉइंगमध्ये हे बघितलं नाही तर 200 मिमी उंची तुमच्या खिशातून जाते. पहिल्या पद्धतीने बेरीज 5.4 मीटर. त्यावर स्प्रिंकलर असेल तर त्याच्या तोंडापासून मालापर्यंत 450 मिमी मोकळे लागतात, आणि ईएसएफआर जातीचे, म्हणजे लवकर उघडून जास्त पाणी सोडणारे स्प्रिंकलर असतील तर 900 मिमी. म्हणजे साधे स्प्रिंकलर असतील तर 6 मीटर मोकळी उंची असलेलं गोदाम जेमतेम बसतं. 5 मीटरच्या आत असेल तर विषय सोडून द्या. वाकून चालणारा माणूस दिवसभर माल निवडू शकत नाही. आणि पोटमाळ्याखाली फोर्कलिफ्ट फिरणार असेल तर खालचे 2.7 मीटर पुरत नाहीत. काटे वर गेले की मास्ट, म्हणजे काटे पेलणारा उभा सांगाडाही वर जातो, तेव्हा तुमच्या गाडीच्या माहितीपत्रकातली मास्टची पूर्ण उंची बघून ठरवा.

नव्या गोदामांत बाजूची उंची 10 ते 12 मीटर असते, तिथे दोन मजलेही होतात. पण दुसऱ्या मजल्याचं सगळं वजन पहिल्याच खांबांतून खाली येतं, तेव्हा पुढचा हिशेब दुप्पट धरून वाचा.

वजन: सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे

"पाचशे किलोचा लोड घेतो" या वाक्याला काही अर्थ नाही. पाचशे किलो प्रति चौरस मीटर, प्रति शेल्फ की प्रति पॅलेट, हे लिहून घ्या. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, त्यामुळे 500 किलो प्रति चौरस मीटर म्हणजे चौरस फुटाला जेमतेम 46 किलो.

तुमचा खरा आकडा असा काढा. समजा खोका 400 × 300 मिमीचा, 300 मिमी उंच, वजन 12 किलो. एका चौरस मीटरमध्ये असे साधारण 8.3 खोके बसतात. पाच थर लावले, म्हणजे दीड मीटर उंची, तर 8.3 × 5 × 12, सुमारे 500 किलो. दोन मीटरपर्यंत थप्पी गेली की 650 च्या वर. आणि कामगार दोन मीटरपर्यंत लावणारच; दिवाळीच्या हंगामात जागा कमी पडली की दीड मीटरची खूण कोणी पाळत नाही.

भारतीय मानक आयएस 875 च्या दुसऱ्या भागात साठवणीच्या जागेसाठी साठवणीच्या उंचीच्या दर मीटरला 2.4 किलोन्यूटन आणि कमीत कमी 7.5 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार धरायला सांगितलं आहे. 7.5 किलोन्यूटन म्हणजे साधारण 765 किलो. बाजारात सर्रास 300 आणि 500 किलोचे पोटमाळे दिले जातात. जिथे फक्त टेबलं, संगणक आणि पॅकिंगचं काम आहे तिथे 300 चालू शकतं. माल साठवायचा असेल तर 750 च्या खाली सही करू नका, आणि कोणी कमी सुचवलं तर त्याचा आधार स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीने मागा.

पॅलेटचं गणित वेगळं. 1000 × 1200 मिमीच्या पॅलेटवर एक टन माल म्हणजे 833 किलो प्रति चौरस मीटर. हँड पॅलेट ट्रकवर तोच पॅलेट आला की वजन पुढच्या दोन छोट्या चाकांवर एकवटतं, प्रत्येकी चारशे-पाचशे किलो, आणि तेही बोटभर रुंदीच्या जागेवर. मजल्याची प्लेट तिथेच खचते, तुळई शाबूत असली तरी. म्हणून कोटेशन मागवताना दोन आकडे वेगळे द्या: पसरलेला भार आणि चाकाचा भार. इलेक्ट्रिक स्टॅकर वर न्यायचाच नाही असं ठरवा. त्याचं स्वतःचंच वजन पाचशे किलोच्या वर जातं.

एका खांबाखाली किती?

खांब 4 × 5 मीटरच्या चौकटीत आहेत असं धरा. मधल्या एका खांबाच्या वाट्याला 20 चौरस मीटर येतात. मालाचे 750 किलो, लोखंडाचं आणि प्लेटचं स्वतःचं वजन सुमारे 110 किलो. 20 × 860 म्हणजे 17 टन. हे सगळं 300 × 300 मिमीच्या बेस प्लेटवरून फरशीत उतरतं.

घरमालक सांगतो, "आमची फरशी पाच टनांची आहे." ते पाच टन प्रति चौरस मीटर, सगळीकडे सारखं पसरलेलं वजन असतं. खांबाच्या टोकाखालची गोष्ट निराळी. 150 मिमी जाडीच्या स्लॅबमधून वजन 45 अंशात पसरतं असं धरलं तर ते खालच्या भरावावर 600 × 600 मिमी, म्हणजे 0.36 चौरस मीटरवर उतरतं. 17 टन भागिले 0.36, सुमारे 47 टन प्रति चौरस मीटर. चांगला दाबलेला मुरूम 15 टन धरला तरी हे तिप्पट झालं. फरशी एकदम फुटत नाही. आधी खांबाभोवती चौकोनी तडा दिसतो, मग दोन-चार मिलीमीटर खचते, वरची रेलिंग वाकडी दिसायला लागते, मल्टी-टायर असेल तर शेल्फ अडकायला लागतात. भरावाखाली काळी माती असेल तर पहिल्या पावसाळ्यातच हे सुरू होतं.

उपाय तीन आहेत. एक, फरशी कापून खांबाखाली स्वतंत्र फूटिंग म्हणजे काँक्रीटचा पाया घालणं. वरच्या उदाहरणात 1.2 × 1.2 मीटरचं, म्हणजे दाब 12 टनांच्या आसपास येतो. दोन, खांब जवळ घेणं. 3 × 3 मीटरची चौकट केली की खांबावर 8 टनांच्या आत येतं, पण खाली खांबांचं जंगल होतं. तीन, मल्टी-टायर. भाड्याच्या जागेत फरशी कापायला मालकाची लेखी परवानगी लागते, आणि बरेचदा निर्णय इथेच फिरतो.

जे कधीच करायचं नाही ते म्हणजे पोटमाळा गोदामाच्या खांबांना किंवा भिंतीला लटकवणं. पीईबी शेडचं लोखंड कंपनीने किलो-किलोचा हिशेब करून कमीत कमी ठेवलेलं असतं. त्यात जास्तीच्या भाराला जागा नसते. पोटमाळा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, शेडपासून थोडं अंतर ठेवून.

तुळई: मोडत नाही, पण लवते

स्वस्त कोटेशनमध्ये लोखंड इथे वाचवलेलं असतं. पाच मीटर लांबीची दुय्यम तुळई, 600 मिमी अंतरावर, 750 किलो भार. आयएसएमबी 150 (150 मिमी उंचीची आय-आकाराची लोखंडी तुळई) घातला तर ताकदीच्या हिशेबात तो उत्तीर्ण होतो. पण मालाखाली तो सुमारे 25 मिमी लवतो. आयएस 800 प्रमाणे मजल्याच्या तुळईला लांबीच्या तीनशेव्या भागापर्यंत, म्हणजे इथे 16.7 मिमीपर्यंतच मुभा आहे. आयएसएमबी 200 घातला की लवणं 8 मिमीवर येतं. वजनात फरक मीटरला 15 किलो आणि 25 किलो. म्हणजे चौरस मीटरमागे सतराएक किलो लोखंड वाचवून तुम्हाला झुलणारा मजला दिला जातो. वरून ट्रॉली गेली की खालच्या माणसाला कळतं, आणि वर पॅकिंगचा वजनकाटा असेल तर तो स्थिर राहत नाही.

म्हणून चौरस फुटाच्या दराबरोबर तीन गोष्टी मागा: एकूण लोखंड किती किलो, प्रत्येक तुळईचा आणि खांबाचा सेक्शन, आणि लवण्याचा हिशेब. दोन कोटेशनांत दर वीस टक्क्यांनी वेगळा आणि लोखंड तीस टक्क्यांनी वेगळं असेल तर स्वस्त कोण हे उघड आहे. लोखंडाचं टेस्ट सर्टिफिकेट आयएस 2062 चं हवं, बोल्ट 8.8 ग्रेडचे, ग्रेड बोल्टच्या माथ्यावर कोरलेला असतो, हातात घेऊन वाचा.

आडवा धक्का सहन करायला दोन्ही दिशांना ब्रेसिंग लागतं. तिरक्या पट्ट्या मार्गात येतात म्हणून काम संपल्यावर कोणीतरी त्या काढून टाकतो, आणि मग सगळा पोटमाळा बोल्टच्या जोरावर उभा राहतो. ब्रेसिंग कोणत्या खणात येणार हे खालची मांडणी आखतानाच ठरवा, म्हणजे ते काढायची वेळ येणार नाही.

मजल्यावर काय टाकायचं

चेकर्ड प्लेट सगळ्यात टिकाऊ. 6 मिमीची घ्या, तुळया 600 मिमीवर. वजन चौरस मीटरला 47 किलोच्या पुढे. तोटा आवाजाचा: लोखंडी चाकांची ट्रॉली वर फिरली की खाली फोनवर बोलता येत नाही. पॉलियुरेथेनची चाकं लावली की पुष्कळ फरक पडतो.

प्लायवूड स्वस्त आणि शांत, पण कमर्शियल प्लाय भिवंडीच्या पावसाळ्यात फुगतो आणि सांध्यावर चाक अडकतं. घ्यायचाच तर आयएस 710 चा मरीन घ्या. आगीचा विचार करता साठवणीच्या मजल्याला लाकूड नकोच. सिमेंट पार्टिकल बोर्ड, ज्याला बाजारात सगळे बायसन म्हणतात, आग आणि ओल दोन्हीला बरा. पण त्याच्या कडा ठिसूळ असतात. प्रत्येक सांधा तुळईवरच यायला हवा आणि चाकाच्या मार्गावर वरून पातळ पत्रा हवा. ग्रेटिंगमधून, म्हणजे लोखंडी जाळीच्या मजल्यातून प्रकाश, हवा आणि स्प्रिंकलरचं पाणी खाली जातं, पण धूळ आणि सुटे स्क्रूही जातात. खाली कपडे किंवा औषधं असतील तर ग्रेटिंग बाद. डेक शीटवर (नालीदार पत्र्यावर) काँक्रीट हा पर्याय उत्तम मजला देतो, पण वजन खूप वाढतं आणि जागा सोडताना ते फोडूनच काढावं लागतं. भाडेकरूने त्या वाटेला जाऊ नये.

माल वर कसा जाणार

हा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि मग लिफ्टसाठी मजल्याला भोक पाडावं लागतं. एक टनाची हायड्रॉलिक माल-लिफ्ट तीन मीटर चढायला साधारण अर्धा मिनिट घेते. पॅलेट आत सरकवणं, दार लावणं, वर काढणं, रिकामी परत आणणं धरून एक फेरी तीन ते चार मिनिटांची. म्हणजे तासाला 15 ते 20 पॅलेट, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी दोन तासांत साठ पॅलेट वर जायचे असतील तर एक लिफ्ट पुरणार नाही, हे आजच कळलेलं बरं.

सुटे खोके असतील तर तिरका बेल्ट कन्व्हेयर चांगला. तीन मीटर चढायला 30 अंशात 5.2 मीटर आणि 25 अंशात 6.4 मीटर लांबीची जागा जमिनीवर जाते, ती आराखड्यात आधी काढून ठेवा. फोर्कलिफ्टने थेट कडेला पॅलेट ठेवायचा असेल तर तिथे उघडी कड किंवा साखळी नको. दोन बाजूंचं एकत्र हलणारं पॅलेट गेट लावा: बाहेरची बाजू उघडली की आतली आपोआप बंद होते, त्यामुळे माणूस कधीच उघड्या कडेवर उभा राहत नाही.

जिन्यावरून खांद्यावर माल चढवायचा विचार असेल तर हमालीचं बोलणं आधी करा. माथाडी मंडळाच्या टोळीचे दर कामाच्या प्रकारावर असतात, आणि वर चढवणं हे वेगळं काम आहे.

माल-लिफ्टच्या परवान्याबद्दल विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात ऑर्डर देण्याआधी विचारा. तुमची जागा कारखाना म्हणून नोंदलेली असेल तर लिफ्टच्या तपासणीचा आजचा नियमही विचारा; नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 28 प्रमाणे ती दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून लागत असे.

जिना, रेलिंग, आग

रेलिंग 1.1 मीटर उंच, मधे एक आडवी नळी, तळाला 100 मिमीची पट्टी. ती पट्टी नसेल तर वरून सरकलेला डबा थेट खालच्याच्या डोक्यावर येतो. जिना एक मीटर रुंद, पायरी 250 मिमीहून अरुंद नको. शिडीसारखा उभा जिना जागा वाचवतो, पण हातात खोका घेऊन उतरणारा माणूस त्यावरून पडतो. जिने दोन हवेत, आणि ते मजल्याच्या विरुद्ध टोकांना. कुठूनही बाहेरच्या वाटेपर्यंतचं चालण्याचं अंतर 30 मीटरच्या आत ठेवा.

भरीव मजला टाकला की छतावरच्या स्प्रिंकलरचं पाणी खाली पोचत नाही. मग पोटमाळ्याखाली वेगळे स्प्रिंकलर, वेगळे धूर शोधक आणि वेगळे दिवे लागतात. हा खर्च फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो, तुम्हीच जोडायचा. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म ए आणि पुढे दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये फॉर्म बी घ्यावा लागतो. पोटमाळ्याखालचे नवे स्प्रिंकलर त्यात आले आहेत ना, हे वाचून बघा.

कागद

पोटमाळ्याचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मुभा असलेल्या बांधकाम क्षेत्रात मोजलं जाईल का, हे तुमच्या नियोजन प्राधिकरणाला लेखी विचारा. भिवंडीच्या आसपासच्या अधिसूचित गावांत ते एमएमआरडीए, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, शहरात महापालिका. "बोल्टचा आहे, सुटा आहे, परवानगी लागत नाही" हे विक्रेत्याचं वाक्य आहे, प्राधिकरणाचं नाही. घरमालकाच्या ना-हरकत पत्रात फरशीला भोकं पाडणं, फूटिंग आणि जागा सोडताना ती भरून देणं हे तिन्ही लिहून घ्या. विमा कंपनीला नव्या मजल्याचं क्षेत्र आणि त्यावरच्या मालाची किंमत कळवा, नाहीतर आग लागल्यावर वाद तिथूनच सुरू होतो.

उभारणी आणि ताबा

साइटवर वेल्डिंग शक्यतो होऊच देऊ नका. सगळे सांधे बोल्टचे, भोकं कारखान्यातच पाडलेली. चालू गोदामात वेल्डिंगची ठिणगी आणि पुठ्ठ्याचे खोके एकाच छताखाली नकोत. फरशीत वीस-तीस मिलीमीटरचा चढउतार असतोच. बेस प्लेटखाली पत्र्याचे तुकडे सारून वर रंग मारला असेल तर काम परत करा. तिथे आकुंचन न पावणारा ग्राउट (सिमेंटचा पातळ भराव) पूर्ण भरलेला हवा, नाहीतर 17 टन दोन तुकड्यांच्या टोकांवर उभे राहतात.

ताबा घेताना खांब ओळंब्यात आहेत का बघा, प्रत्येक नटाबाहेर बोल्टचे दोन-तीन आटे दिसतात का बघा, आणि फोर्कलिफ्टच्या वाटेवरच्या प्रत्येक खांबाला गार्ड आहे का बघा. गार्ड खांबालाच जोडलेला नको. तो फरशीत वेगळा बसवलेला असावा, म्हणजे धक्का खांबापर्यंत जात नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरचा स्थैर्य दाखला, खांबनिहाय भाराचा तक्ता आणि शेवटचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

जिन्याच्या तोंडाशी मराठी आणि हिंदीत फलक लावा. त्यावर "750 किलो प्रति चौरस मीटर" लिहून उपयोग नाही, कारण ते कोणी मोजत नाही. "खोक्यांचे पाच थर, सहावा नाही" असं लिहा आणि त्याच उंचीवर रॅकला व भिंतीला पिवळी पट्टी रंगवा. माल भरल्यावर महिन्याभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण पहिल्या भाराने सांधे बसतात आणि बोल्ट सैल होतात. त्याच दिवशी खांबांभोवतीच्या फरशीचे फोटो काढून तारीख घालून ठेवा. पुढे तडा दिसला तर तो जुना की नवा हे त्यावरूनच कळेल.